कंबरदुखी आणि वैद्यकीय सल्ला : तो कसा घ्यावा व कसा पाळावा

कापसाची वेचणी सुरू झाली कीं वऱ्हाडांतील प्रत्येक गांवीं एक तक्रार हटकून ऐकूं येते. ती कंबरदुखीची होय. निंदणास बसणाऱ्या बाया, पाठीवर फवारणीचा पंप घेणारा गडी, सोयाबीनचे कट्टे गाडींत टाकणारा तरुण आणि ट्रॅक्टरवर दिवसभर धक्के खाणारा मालक, यांपैकीं कोणीहि या दुखण्यांतून सुटलेला नाहीं. पिकावरील किडीची चर्चा आपण वर्षभर करतों. पण पीक काढणाऱ्या पाठीचा विचार ती धरल्याखेरीज कोणी करीत नाहीं. या पाठांत आम्ही कंबरदुखीवर औषध सांगणार नाहीं. तो अधिकार आमचा नव्हे. डॉक्टर अशा रोग्यास आज कोणता सल्ला देतात, तो पूर्वींच्या सल्ल्याहून कां बदलला, आणि शेतकऱ्यानें तो आपल्या कामाशीं कसा जुळवून घ्यावा, एवढेंच सांगण्याचें योजिलें आहे.

हा विषय आम्हांस कां सुचला तें प्रथम सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं मृगाच्या तोंडावर खताचा कट्टा उचलतांना आमच्या थोरल्या बंधूंची कंबर धरली. एका डॉक्टरांनीं चित्र काढविलें, मणका झिजला असून गादी सरकली आहे असें सांगितलें, आणि आराम करा, वांकूं नका, वजन उचलूं नका, अशा तीन आज्ञा दिल्या. हें किती दिवस करावयाचें तें त्यांनीं सांगितलें नाहीं, आणि आम्हींहि विचारलें नाहीं. बंधूंनीं त्या आज्ञा अक्षरशः पाळल्या. दीड महिना ते फळीवर पडून होते. पेरणी दुसऱ्याच्या भरंवशावर व उशिरा झाली, निंदण हुकलें, आणि दिवाळीस जो कापूस घरांत आला त्यांत बियाण्याचे पैसेहि फिटले नाहींत. कंबर मात्र होती तशीच दुखत होती, आणि मांड्या सुकून गेल्या होत्या. पुढें दुसऱ्या डॉक्टरांनीं त्यांस नीट तपासलें, धीर दिला व रोज चालावयास लावलें. तीन आठवड्यांत ते बांधापर्यंत जाऊं लागले, आणि पुढल्या हंगामांत त्यांनीं स्वतः डवरा धरला. दोन्ही डॉक्टर शिकलेलेच होते. फरक होता तो सल्ल्यांत, आणि सल्ला ऐकून घेण्याच्या आमच्या रीतींत.

दुखण्याचें स्वरूप

कंबरदुखी हें केवळ आपल्याकडचें दुखणें नव्हे. सन २०२० मध्यें जगांत सुमारें ६१ कोटी ९० लक्ष माणसांस हें दुखणें होतें, व २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या वर जाईल असा अंदाज आहे. माणसास कामावरून बसविणाऱ्या दुखण्यांत याचा क्रम जगांत पहिला लागतो. परंतु यांत दिलाशाची गोष्ट अशी कीं, दहांपैकीं सुमारें नऊ रोग्यांत हाड मोडलेलें नसतें, गांठ नसते, क्षय नसतो, किंवा दुसरा कोणताहि घातक रोग नसतो. स्नायु, सांधे, गादी व त्यांस बांधणारे बंध यांपैकीं नेमकें काय दुखावलें हें तपासून निश्चित सांगतां येत नाहीं. आणि बहुतेकांस तें न कळतांहि कांहीं आठवड्यांत पुष्कळ आराम पडतो. यालाच डॉक्टर साधी कंबरदुखी म्हणतात. साधी म्हणजे थोडी नव्हे. वेदना प्राणांतिक असूं शकते. पण तिच्यामागें घातक कारण नसतें.

दुखणें पुष्कळदां आपोआप ओसरतें ही गोष्ट ध्यानांत ठेविली म्हणजे अनेक उपायांच्या कीर्तीचें मूळ कळतें. उसण भरली कीं पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची चाल आपल्याकडे आहे. कोणी बिब्बा घालतो, कोणी डाग देतो, कोणी सुई टोंचून घेतो. दुखणें उतरणीस लागलें असतां जो उपाय हाताशीं असेल त्यास यश मिळतें. पायाळूच्या हलक्या स्पर्शानें कांहीं बिघडत नाहीं. पण कंबरेवर लाथ मारणें, डाग देणें किंवा बिब्ब्यानें कातडी जाळणें हीं कृत्यें निश्चित अपायकारक आहेत. आंत हाड मोडलेलें असल्यास अगर क्षय असल्यास त्या लाथेनें माणूस कायमचा अधू होऊं शकतो.

विश्रांतीचा सल्ला कां बदलला

दुखलें कीं पडून राहावें, ही समजूत अडाणीपणाची होती असें कोणी समजूं नये. इंग्लंडांतील शल्यवैद्य जॉन हिल्टन यांचीं वेदना व विश्रांती यांवरील व्याख्यानें १८६३ सालीं प्रसिद्ध झालीं व त्यांचा प्रभाव पुष्कळ काळ टिकला. पुढें १९३४ सालीं अमेरिकेंतील मिक्स्टर व बार या दोघांनीं मणक्यांमधील गादी फुटून मज्जातंतूवर दाब येतो हें दाखविलें. तेव्हांपासून प्रत्येक कंबरदुखींत गादीचा संशय येऊं लागला, आणि गादी जागेवर बसावी म्हणून रोग्यास आठवडेच्या आठवडे निजवून ठेवूं लागले.

हा समज पारखून पाहण्याचें काम पुढें झालें. अमेरिकेंत १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत कांहीं रोग्यांस दोन दिवस व कांहींस सात दिवस निजण्यास सांगितलें. दोन दिवसवाल्यांचें कामाचें नुकसान पुष्कळ कमी झालें, आणि सात दिवसवाल्यांस अधिक गुण आला असें कांहीं आढळलें नाहीं. फिनलंडच्या हेलसिंकी शहरांत १९९५ सालीं तीन गट केले : एकास दोन दिवस विश्रांति, दुसऱ्यास कंबरेचे व्यायाम, आणि तिसऱ्यास दुखणें सोसवेल तितकें नित्याचें काम. तीन आठवड्यांनीं व पुन्हां बारा आठवड्यांनीं पाहिलें तों नित्याचें काम चालू ठेवणारे सर्वांत चांगले सुधारले होते. पडून राहिल्यानें स्नायु झडतात, सांधे आंखडतात, आणि कंबर आतां कामास नालायक झाली ही भीति मनांत घर करते, असें आतां मानतात. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांत १९९७ सालापासून, कंबर दुखली म्हणून निजून राहूं नका, असा प्रचार दूरचित्रवाणीवरून सर्व लोकांत केला. त्यानें लोकांच्याच नव्हे तर डॉक्टरांच्याहि समजुती बदलल्या, व नुकसानभरपाईचे दावे कमी झाले.

म्हणून आजचा सल्ला असा आहे : अगदींच हालवत नसेल तर एखाद-दुसरा दिवस पडावें; त्यानंतर उठावें, घरांत फिरावें, आणि काम थोडें थोडें वाढवीत न्यावें. निजण्यास लांकडी फळीच पाहिजे असेंहि नाहीं. स्पेनमध्यें २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अति कठीण बिछान्यापेक्षां मध्यम कठीण बिछान्यावर निजणाऱ्यांस अधिक आराम मिळाला.

चित्र आणि प्रत्यक्ष पाहणी

दुसरा बदल चित्रांसंबंधीं आहे. एक्स-रे किंवा एम्.आर्.आय्. काढल्यावांचून डॉक्टरांनीं तपासलें असें आपल्या लोकांस वाटतच नाहीं. आणि चित्रांत गादी दबलेली, मणका झिजलेला असें कांहीं निघालें कीं रोगी हाय खातो. परंतु ज्यांची कंबर मुळींच दुखत नाहीं अशा तीन हजारांहून अधिक लोकांच्या चित्रांचे निष्कर्ष २०१५ सालीं एकत्र करून पाहण्यांत आले. तेव्हां विशींतील शेंकडा ३७, पन्नाशींतील शेंकडा ८० व ऐंशींतील शेंकडा ९६ लोकांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. केंस पिकावेत तशा गाद्या झिजतात. त्या झिजल्या म्हणून दुखतातच असें नाहीं.

आमचा जन्म महसुलाच्या दप्तरांत गेला, म्हणून तेथील एक गोष्ट सांगतों. सातबाराच्या उताऱ्यावर पिकाची नोंद असते. पण पीक कसें उभें आहे हें बांधावर गेल्याखेरीज कळत नाहीं. चित्र हा उतारा होय, आणि डॉक्टरांनीं हातानें तपासणें ही प्रत्यक्ष पाहणी होय. पाहणींत कांहीं शंका आली तर उतारा अवश्य काढावा. नुसत्या उताऱ्यावरून निकाल देऊं नये. साध्या कंबरदुखींत आरंभींच चित्र काढूं नये, असाच आज जाणत्या डॉक्टरांचा नियम आहे. जो डॉक्टर चित्र न मागतां पाय उचलून पाहतो, अंगठा वर ओढावयास सांगतो, टांचेवर व चवड्यावर चालवितो, तो कमी तपासतो असें समजूं नये. तोच खरें तपासतो.

औषध, पट्टा व व्यायाम

जागतिक आरोग्य संघटनेनें जुनाट कंबरदुखीवर डिसेंबर २०२३ मध्यें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्यास तें लागू आहे. त्यांत रोग्यास दुखणें समजावून सांगणें, व्यायाम, मालिशासारखे कांहीं हातांचे उपचार, मनाची भीति घालविणारे उपचार, आणि सूज उतरविणाऱ्या वेदनाशामक गोळ्या यांस अनुकूलता दाखविली आहे. उलट कंबरेचा पट्टा, वजन लावून कंबर ताणणें, आणि अफूच्या जातीचीं वेदनाशामकें हीं नेहमींच्या उपचारांत देऊं नयेत असें म्हटलें आहे. आपल्याकडे पट्टा व वजन हेच मुख्य उपाय समजले जातात, हें वाचकांस ठाऊक आहेच.

वेदनाशामक गोळीसंबंधीं वऱ्हाडच्या शेतकऱ्यानें विशेष जपावें. ही गोळी रिकाम्या पोटीं घेतल्यास जठरास व पुष्कळ दिवस घेतल्यास मूत्रपिंडास अपाय करूं शकते. उन्हांत घाम जाऊन अंगांतील पाणी आटलें असतां धोका वाढतो. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यांत जो खारपाणपट्टा पसरला आहे, तेथें मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार वर्षानुवर्षें ऐकूं येते. त्या गांवच्या माणसानें, तसेंच रक्तदाब, मधुमेह किंवा जठराचा व्रण असणाऱ्यानें, दुकानांतून परस्पर गोळ्या आणून खाऊं नयेत. तात्काळ गुण देणाऱ्या कागदांत बांधलेल्या बिननांवाच्या पुड्यांत स्टिरॉइड असूं शकतें. त्यानें आज बरें वाटतें, आणि पुढें हाडें ठिसूळ होतात.

व्यायामाचें नांव काढलें कीं शेतकरी हंसतो. आम्ही दिवसभर राबतों तो काय व्यायाम नव्हे, असें म्हणतो. पण राबणें आणि व्यायाम यांत अंतर आहे. वेचणींत कंबर सहा तास एकाच बाजूस वांकलेली राहते. व्यायाम तिला उलट बाजूस नेतो, आणि पोट, पाठ व मांड्या यांस सारखें बळ देतो. ज्या अमरावतींत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालापासून उभें आहे, तेथील लोकांस हें निराळें सांगावयास नको. आणि व्यायाम म्हणजे आखाडाच नव्हे. एकदां बरी झालेली कंबर पुन्हां धरूं नये म्हणून चालण्याचा उपयोग किती होतो, हें ऑस्ट्रेलियांत ७०१ लोकांवर पाहिलें. तें २०२४ सालीं प्रसिद्ध झालें. आठवड्यांतून पांच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत ज्यांनीं हळूहळू मजल नेली, त्यांचें दुखणें सरासरीनें २०८ दिवसांनीं उलटलें. ज्यांनीं कांहींच केलें नाहीं त्यांचें ११२ दिवसांनीं.

धोक्याचीं चिन्हें

येथवर सांगितलें तें साध्या कंबरदुखीसंबंधीं. दहावा रोगी कोणता हें ओळखणें अत्यंत महत्त्वाचें आहे. पुढील चिन्हें प्रत्येक घरांत ठाऊक असावींत :

(१) लघवी अडकणें किंवा नकळत होणें, शौचावरचा ताबा सुटणें, किंवा बसण्याच्या जागीं बधिरता येणें. हें चिन्ह दिसल्यास सकाळची वाट न पाहतां त्याच रात्रीं अकोल्याचें सर्वोपचार रुग्णालय, अमरावतीचें जिल्हा रुग्णालय किंवा जवळचें मोठें रुग्णालय गांठावें; येथें तासांचा हिशेब असतो.

(२) पायाचें बळ कमी होत जाणें; चालतांना चप्पल नकळत पायांतून निसटणें.

(३) सायंकाळचा बारीक ताप, वजन घटणें, भूक जाणें, रात्रीं पडल्यावरहि न थांबणारी कळ. यांत मणक्याचा क्षय किंवा गांठ असूं शकते.

(४) झाडावरून, गाडीवरून पडणें. किंवा म्हाताऱ्या माणसास लहानशा धक्क्यानें एकाएकीं कळ लागणें.

(५) तरुण वयांत तीन महिन्यांहून अधिक दुखणें, सकाळीं कंबर लांकडासारखी होणें व हालचालीनें मोकळी होणें. हा सांध्यांचा निराळा वात असूं शकतो, व त्यास निराळें औषध आहे.

आमच्या ओळखीच्या एका घरांत सुनेची कंबर चार महिने दुखत होती. वेचणीची कंबर म्हणून कोणी लक्ष दिलें नाहीं. शेक झाले, बिब्बा झाला. तिला संध्याकाळीं बारीक ताप येत असे, तो कोणी मोजला नाहीं. शेवटीं मणक्याचा क्षय निघाला. क्षयाचें औषध सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतें; तें पुरतें घेऊन ती बरी झाली. पण आणखी विलंब झाला असता तर पाय गेले असते असें डॉक्टरांनीं सांगितलें.

सल्ला शेताच्या भाषेंत उतरविणें

सर्वांत मोठी अडचण ही कीं, डॉक्टरांचा सल्ला पुष्कळदां बैठ्या माणसाच्या भाषेंत असतो. वजन उचलूं नका, हें शेतकऱ्यास सांगून काय उपयोग? युरियाचा कट्टा ४५ किलोचा असतो, आणि भरलेला फवारणीचा पंप वीस किलोच्या घरांत जातो. म्हणून दवाखान्यांत गेल्यावर आपलें काम डॉक्टरांस नीट सांगावें आणि पांच प्रश्न विचारावे. पहिला : माझ्या दुखण्यांत धोक्याचें कांहीं आहे काय? दुसरा : कोणतें काम उद्यांपासून करूं, कोणतें आठवड्यानें, आणि कोणतें महिन्यानें? तिसरा : ही गोळी किती दिवस, आणि ती केव्हां बंद करावी? चवथा : चित्र काढल्यानें उपचार बदलणार आहे काय? पांचवा : काय झालें असतां पुन्हां लगेच यावें? या पांचांचीं उत्तरें कागदावर लिहून घ्यावींत. डॉक्टरांस घाई असल्यास व्यायामोपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी मागावी.

साध्या दुखण्यांत काम वाढविण्याचा क्रम उदाहरणादाखल असा धरतां येईल. पहिले दोन-तीन दिवस अंगणांत दहा-दहा मिनिटें, दिवसांतून चार वेळां चालावें. नंतर बांधापर्यंत जाऊन देखरेख करावी. दुसऱ्या आठवड्यांत पाणी देण्यासारखें उभ्यानें होणारें हलकें काम घ्यावें. तिसऱ्यांत अर्धा दिवस डवरणी. कट्टे व पंप शेवटीं, आणि तेहि प्रथम अर्धे भरून. काम केल्यावर थोडें दुखलें तर भिऊं नये. दुखणें म्हणजे दर वेळीं इजा नव्हे. दुसऱ्या सकाळीं दुखणें पूर्वींइतकेंच असलें तर क्रम चालू ठेवावा. वाढलें असलें तर काम निम्मे करावें, पण बंद करूं नये. वजन अंगाशीं धरून उचलावें, कट्टा दोघांनीं धरावा, आणि ट्रॅक्टरवरून तासातासानें खालीं उतरावें.

शेवटीं एक गोष्ट जमीनमालकांस सांगणें आमचें कर्तव्य आहे. आपल्या शेतांतील वेचणी व निंदण मुख्यतः मजूर बाया करतात. त्यांस डॉक्टरांनीं आराम करा म्हटलें तर त्याचा अर्थ त्या दिवसाची मजुरी बुडवा असा होतो. म्हणून त्या दवाखान्यांतच जात नाहींत. त्यांच्यासंबंधीं सल्ला पाळणें हें बहुतांशीं आपल्या हातीं आहे. कंबरेची ओटी जड होऊं न देतां वारंवार रिती करूं द्यावी, तासाभरानें दोन मिनिटें सरळ उभें राहूं द्यावें, ज्या बाईची कंबर दुखते तिला कांहीं दिवस उभ्याचें अगर बसल्याचें काम त्याच मजुरींत द्यावें. यांत मालकाचें फारसें जात नाहीं, आणि ऐन हंगामांत हात टिकून राहतात.

आमच्या बंधूंचा एक हंगाम गेला तो कंबरेमुळें फार थोडा, व न विचारलेल्या एका प्रश्नामुळें पुष्कळ गेला. आराम करा असें कोणी सांगितलें तर वाचकांनीं नम्रपणें एवढेंच विचारावें : किती दिवस, आणि त्यानंतर पहिलें काम कोणतें?